परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

निवृत्त माणूस रिकामा दिसला की नागपुरात त्याला परीक्षक करून टाकतात. रांगोळी, पाककृती, सुगम संगीत, गणपतीची आरास, कशाचाही. पात्रता एवढीच की माणूस दुपारी घरी सापडला पाहिजे आणि निकालानंतर लोक चिडले तर त्याला सोसता आलं पाहिजे. सरकारी खात्यात आयुष्य गेल्यामुळे दुसरी पात्रता माझ्याकडे भरपूर होती. त्यामुळे आमच्या लेआउटच्या तान्हा पोळ्याच्या वेशभूषा स्पर्धेसाठी महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मला विचारायला आल्या, तेव्हा मी दोनदा 'छे छे' म्हटलं आणि तिसऱ्यांदा त्या विचारणार नाहीत की काय या भीतीनं लगेच 'हो' म्हटलं.

विदर्भाबाहेरच्यांना तान्हा पोळा ठाऊक नसतो. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी हा लहानांचा. तिकडे इतवारी-महालात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघालेली असते, गर्दीत मुंगी शिरायला जागा नसते, आणि इकडे वस्त्यावस्त्यांतून लहान मुलं सजवलेले लाकडी नंदी चाकांवर ओढत दारोदार जातात आणि बोजारा घेतात. बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे. अलीकडे खाऊ दिला तर मुलं नंदीसकट तिथेच उभी राहतात, पैसे येईपर्यंत. दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून हे चालत आलंय. मुलांना बैलाचं मोल कळावं, हा राजांचा हेतू होता म्हणतात. बैलामागून चालणारं मूल पुढे काय घालून येईल, याचा अंदाज त्यांना येणं शक्य नव्हतं.

गेल्या वर्षी बैलामागून एल्सा आल्या. एक नाही, रांगच. 'फ्रोझन'मधली ती बर्फाची राणी, चमचमत्या निळ्या नायलॉनच्या झग्यात, आपल्या भाद्रपदातल्या उकाड्यात घामानं निथळत उभी. एकीला तर चक्कर आली आणि तिच्या आईनं तिला मंडपामागे नेऊन लिंबू सरबत पाजलं. मुलगे निम्मे छोटा भीम, उरलेले सैनिक. अध्यक्षबाईंचं म्हणणं असं की पोरी तेवढ्या नटून उभ्या राहतात आणि पोरं तेवढी तलवार फिरवतात, हे बरं नाही. "भाऊ, तुम्ही पालकांसाठी आधी एक भाषण पण द्या. कार्टून आणि मुलांवरचे संस्कार." बाई निवृत्त शिक्षिका. मी कार्टूनमधला तज्ज्ञ आहे असा त्यांचा समज का झाला ते कळलं नाही, पण मी तो दूर करण्याची घाईही केली नाही.

अभ्यास सुरू झाला. मुलगा-सूनबाई मिहानमध्ये नोकरीला, त्यामुळे दुपारचा टीव्ही नात, नातू आणि मी यांच्या ताब्यात. एरवी मी 'बंद करा ते' म्हणायचो. आता वही घेऊन पुढे बसलो. 'छोटा भीम' हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं २००८ साली आणला, तेव्हापासून ढोलकपूरवरची संकटं संपलेली नाहीत आणि ती भीमाशिवाय कोणी निवारलेलीही नाहीत. मी टिपण काढलं: 'स्त्री पात्र: चुटकी. पद: सहायक. कार्य: लाडूपुरवठा.' मग 'डोरेमॉन'. शिझुका हुशार, नीटनेटकी, आणि हे लेखक लोक तिला सारखं आंघोळीला का पाठवतात ते मला समजेना. वहीत 'स्वच्छतेची आवड' एवढंच लिहून मी पान उलटलं. नंतर 'मोटू-पतलू'. तिथल्या फुरफुरीनगरात डॉक्टर, इन्स्पेक्टर, चोर, शास्त्रज्ञ सगळे बाप्ये.

"आबा, यात मुलीच नाहीत," नात म्हणाली. ती चौथीत आहे आणि उणिवा काढण्यात आजीवर गेली आहे.

"मग समोसे कोण तळतं?"

"चायवाला."

मी लिहिलं: 'स्वयंपाकात पुरुषांचा सहभाग समाधानकारक.'

भाषणाच्या दिवशी समाजभवनात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. नंतर उपमा होता, हेही खरं. सौ. दुसऱ्या रांगेत बसली होती. मी १९३७ च्या 'स्नो व्हाइट'पासून धरलं. त्या सिनेमाचा हिशेबच असा आहे की मुलगी रानात हरवते, परक्याच्या घरात शिरते आणि पहिलं काम काय करते, तर झाडलोट. सात बुटके खाणीत जातात, ही भांडी घासते. त्या काळच्या डिस्ने स्टुडिओतही तीच वाटणी होती. १९३८ साली तिथे कामासाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला चक्क लेखी उत्तर गेलं होतं की चित्रपटाची कल्पक कामं फक्त तरुण पुरुष करतात, मुलींना शाईनं रेघा गिरवण्याचं आणि रंग भरण्याचं काम मिळेल. ते पत्र आजही उपलब्ध आहे. डिस्नेच्या मोठ्या अॅनिमेशनपटाच्या दिग्दर्शकांत बाईचं नाव लागायला २०१३ चा 'फ्रोझन' उजाडला. जेनिफर ली, तेही एका पुरुषाबरोबर जोडीनं. हे सांगताना मी दुसऱ्या रांगेकडे पाहणं टाळलं. आमच्या घरी दिवाळीची आखणी माझी असते आणि बाकी सगळं हिचं.

मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या दोन भाषाभ्यासक बायकांनी राजकन्यांच्या सिनेमांतले संवाद मोजले आणि २०१६ साली आकडे जाहीर केले. 'लिटल मर्मेड'मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुषांचं. आता त्या जलपरीनं आपला आवाजच विकलेला असतो, तेव्हा एक वेळ समजू. पण 'म्युलान'? मुलगी सैन्यात जाते, अख्खा चीन वाचवते, आणि ७७ टक्के पुरुष बोलतात. 'अलादीन'मध्ये ९० टक्के. गंमत म्हणजे जुन्या 'स्लीपिंग ब्यूटी'त ७१ टक्के बोलणं बायकांचं होतं, आणि नायिका तर झोपलेली.

"म्हणजे जुनं बरं होतं?" मागून एका आजींनी विचारलं.

तसं नाही, असं सांगून मी ते का नाही हे समजावू लागलो. समजावता समजावता सर्व राजकन्या पुन्हा एकदा झाल्या. अखेर पाणी प्यायला थांबलो तर समोरची एक तरुण वहिनी मोबाइल वर करून म्हणाली, "काका, मी टायमर लावून ठेवला होता. पंचावन्न मिनिटं तुम्ही बोलून राह्यले. मधात आजी तेवढ्या एकदा बोलल्या. तुम्ही अलादीनच्याही पुढे गेले."

सभागृह हसलं. सौ. पंख्याकडे पाहत होती.

अध्यक्षबाईंनी मग माइक घेतला तो वेगळ्याच विषयाला. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मीना-राजू मंच चालवला होता. युनिसेफनं नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी मीना नावाचं कार्टून काढलं आणि आपल्या राम मोहन यांनी तिला रूप दिलं. त्यातल्या एका गोष्टीत आंब्याची वाटणी होते. राजूला मोठा वाटा, मीनाला लहान, कारण म्हणे तो जास्त काम करतो. तेव्हा दोघं एक दिवस कामं बदलून बघतात. मीना गाय घेऊन जाते, राजू झाडलोट आणि बाकीची कामं करता करता मेटाकुटीला येतो. बाई पाच मिनिटांत बसल्या. लोकांना पंचावन्न मिनिटांतलं काही आठवलं नाही, आंबा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. उपम्याच्या रांगेत कोणीतरी विचारलंच, "भाऊ, तुमच्या इथे तान्हा पोळ्याचे लाडू कोण करते?" उत्तर सौ.नं दिलं. "यंदा हे करणार आहेत."

झाल्या प्रकारानं मी खचलो नाही. उलट रात्री ग्रुपवर नियम टाकले, परिपत्रकासारखे, क्रमांक देऊन. (१) राजकन्या व तत्सम पात्रांस मनाई. (२) शस्त्रधारी नायकांस मनाई. मात्र मुलगी नायक झाल्यास प्रोत्साहन देण्यात येईल. (३) परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. कलम दोनच्या आधारे नातीला भीम करायचं हे मी आधीच ठरवलं होतं. केशरी धोतर आणून तिचा फोटो टाकला. धडाधड अंगठे आले. 'शेरनी', 'झाशीची राणी', 'आजोबा असावेत तर असे'. शेवटचं वाक्य मी हिला दाखवलं.

त्याच रात्री नातू जवळ येऊन म्हणाला, "आबा, मी चुटकी होणार."

तो पहिलीत आहे. मला वाटलं गंमत करतोय.

"अरे, चुटकी काय? भीम तर ताई झाली. तू राजू हो, जग्गू हो. माकड चालेल."

"नाही. भीमाला आधी मारामारी करावी लागते, मग लाडू मागावा लागतो. चुटकीच्या आईचं लाडवांचं दुकानच आहे."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. टुनटुन मावशीचं दुकान मीही इतके दिवस पाहत होतो, पण मला त्यात लाडूपुरवठा दिसला. पोराला मालकी दिसली. तरी मी म्हटलं, "मग टुनटुन मावशीचा हिशेबनीस हो. टाय लावू." तो म्हणाला, असा कोणी कार्टूनमध्ये नसतो. घागरा-चोळी पाहिजे आणि गालावर लाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाझरी तलावावर फिरताना मित्राला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तो चालायचा थांबला. "नजर ठेव," म्हणाला. "ही कार्टूनं पोरं बिघडवतात." मी मान हलवली, आणि ती कोणत्या बाजूनं हलवली हे आजतागायत मला सांगता येणार नाही. ग्रुपवर नातवाचं काही टाकलं नाही. मुलीनं धोतर नेसलं तर शेरनी. मुलानं घागरा घातला तर त्याला ग्रुपवर कोणता शब्द येईल, या विचारानं मी वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता दाणे टोपलीत आणि सालं भांड्यात टाकत होतो.

"कशाची लाज वाटते आहे तुम्हाला?" हिनं भांडं ओढून घेत विचारलं.

"लाज नाही. लोक हसतील. त्यालाच त्रास होईल."

हसतील ते कोण, हे तिनं विचारलं नाही. तिनं नातीला हाक मारली आणि नातीनं यूट्यूबवर दाखवलं की हिंदीतला डोरेमॉन बोलतो तो सोनल कौशल या बाईच्या आवाजात, आणि छोटा भीमही तिच्याच आवाजात गर्जायचा. जपानातही १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा या बाईंचा. अमेरिकेतला तो उर्मट बार्ट सिम्पसन, तोही नॅन्सी कार्टराइट. म्हणजे ढोलकपूरचा वीर इतकी वर्षं बाईच्या गळ्यातून लाडू मागत होता आणि त्यापायी एकही मूल बिघडलं नव्हतं.

मी म्हटलं, आवाजाचं वेगळं, कपड्यांचं वेगळं. हे वाक्य मी ज्या घरात बोललो त्या घरात माझ्या वडिलांनी बालगंधर्वांचा फोटो देवघराच्या बरोबरीनं टांगला होता. गंधर्वांच्या शालूची, दागिन्यांची, अंबाड्याची नक्कल पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका करत. आणि पुण्या-मुंबईचं कशाला, आमच्या आजोळी मंडईच्या जत्रेत खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, लागायची, तीत लुगडं नेसून नाचणारा बाप्याच. त्याच्या अदेवर पहिली शिट्टी मामाची असे. हे सगळं मला माहीत होतं. भाषणात मी ते घातलंही असतं, पण राजकन्यांतच वेळ गेला.

ही उठून आत गेली आणि लोखंडी कपाटातला जुना अल्बम घेऊन आली. सीताबर्डीच्या एका स्टुडिओतला काळा-पांढरा फोटो. जावळ काढायच्या आधी माझ्या आजीनं हौसेनं काढून घेतलेला. पाटावर उभं एक गुबगुबीत मूल, परकर-पोलकं, वर चापूनचोपून बांधलेला फुलांचा गजरा, कानात डूल, हातभर बांगड्या, गालाला तीट. चेहऱ्यावर तक्रारीचा लवलेश नाही. उलट एक हात कमरेवर आहे, आणि तो तिथे फोटोग्राफरनं ठेवला असेल असं काही वाटत नाही.

नातवानं फोटो बराच वेळ पाहिला. "आबा, तुम्ही कोणत्या कार्टूनमधले?"

विषय तिथेच मिटला. घागऱ्याचं कापड आणायला मीच गेलो. दुकानदारानं "नातीसाठी का?" विचारलं तेव्हा मी "हो" म्हणालो, पण ते घरी सांगितलं नाही.

आता लाडू. भाषण देणाऱ्याला बेसन भाजता येत नाही, हे जगाला कळायची काही गरज नव्हती. पण हिनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून घेतली, माझा पेपर उघडला, पाय लांब केले आणि माझ्या आवाजात "चहा झाला का?" असं विचारलं. म्हणजे आपल्या बाजूची अदलाबदल तिनं पुरी केली होती. त्यात तिला काही कठीण गेलं असं दिसलं नाही.

मंद आचेवर बेसन भाजायचं म्हणजे काय, ते सांगून समजत नाही. पहिल्यांदा पीठ तूप पिऊन घेतं आणि गोळा होऊन झाऱ्याला चिकटतं. तुम्हाला वाटतं तूप कमी पडलं, म्हणून तुम्ही आणखी घालता. इथेच माझा घात सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटं ढवळल्यावर ते पीठ एकदम सैल पडतं, प्यालेलं तूप परत देऊ लागतं, आणि कढईच्या कडेला चकाकी दिसते. हात थांबला की तळाशी लागतं. खांदा भरून आला म्हणून मी हात बदलला, तेवढ्यात एका बाजूला काळपट डाग उमटला. "वास येऊन राह्यला," पेपरमागून आवाज आला. नात तिचं जुनं दुसरीचं पुस्तक घेऊन आली. बालभारतीनं २०१९ साली त्यातली चित्रं बदलली, आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडताहेत असं दाखवलं. तिनं ते चित्र माझ्या चेहऱ्याशेजारी धरलं. "या बाबांना घाम नाही आलेला," ती म्हणाली. मी म्हटलं, त्यांना पालेभाजी दिली आहे, बेसन नाही.

पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावर घालायची असते. मी गरमच घातली. त्यामुळे सगळा ऐवज पातळ झाला, आणि वळलेला प्रत्येक लाडू ताटात ठेवताच शांतपणे खाली बसू लागला. रात्री उरलेल्या अर्ध्या बेसनाचे हिनं गोल, खणखणीत लाडू वळून दिले. दोन्ही एकाच ताटात, कोणते कोणाचे हे विचारायची गरज नव्हती.

तान्हा पोळ्याच्या दिवशी माझ्या परिपत्रकाचं फळ मंडपात उभं होतं. राजकन्येला मनाई, म्हणून मुली चेटकिणी होऊन आल्या होत्या. मॅलेफिसंटची शिंगं, उर्सुलाचे सहा पाय, काळे झगे, काळी लिपस्टिक. एका चिमुकलीनं मला पाहून असं हास्य केलं की मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आया माझ्याकडे रोखून पाहत होत्या, कारण निळा झगा घरातच होता आणि शिंगं नवी आणावी लागली. शस्त्रबंदीमुळे मुलगे पिवळे मिनियन झाले होते, आणि रंगवलेल्या पुठ्ठ्याचा तिकोन अंगात अडकवलेला एक मुलगा 'मोटू-पतलू'तला समोसा झाला होता. त्याला बसता येत नव्हतं. केशरी धोतरातली नात नंदी ओढत नुसती दम देत फिरत होती.

आणि शेवटी नातू आला. घागरा-चोळी, गालांवर लाली, डोक्यावर ओढणी, हातात ताट. मी श्वास रोखून लोकांकडे पाहिलं. दोघं-तिघं हसले. टायमरवाल्या वहिनीनं "अगोबाई, चुटकी!" म्हटलं. पोरगा थेट पहिल्या रांगेत गेला, ताट पुढे केलं आणि भाव सांगितला. बाकीची मुलं दारोदार बोजारा मागत होती, हा जागेवर उभा राहून विक्री करत होता. समोश्याला उधारीवर दिला नाही. माझ्या मित्राला, त्या अंबाझरीवाल्याला, दोन लाडू विकले. तो खाताना नजर ठेवायची विसरला.

निकाल मी दिला तो माझ्या नोकरीच्या शिस्तीला धरून, म्हणजे कोणाचीच नाराजी अंगावर न घेता. पहिलं बक्षीस समोश्याला. कारण म्हणून मी लिहिलं, 'स्त्री-पुरुष भेदापलीकडचं पात्र.' चेटकिणींच्या आयांनी आपसात काहीतरी म्हटलं. अध्यक्षबाई कपाळाला हात लावून हसत होत्या, आणि पुढच्या वर्षी परीक्षक बदलायचं तिथल्या तिथे ठरलं असावं. नातवाला बक्षिसाचं काही वाटलं नाही. तो चिल्लर मोजत होता.

मंडप रिकामा होऊ लागला तेव्हा तो माझ्या टेबलापाशी आला. ताटात एकच लाडू उरला होता, बसका, एका बाजूनं काळपट.

"दहा रुपये," तो म्हणाला.

"अरे, हा तर मी केलेला आहे!"

"माहीत आहे," चुटकी म्हणाली. "बरं, पाच द्या."